लांबणीवर टाकणे आणि खाली उतरवणे

इंग्रजी शिकू पाहणाऱ्या परकीयास त्या भाषेतील लॅटिन कुळीचे लांबलचक आणि भारदस्त शब्द जितके छळीत नाहीत, तितकी ‘पुट’, ‘टेक’, ‘सेट’, ‘कम’ ही चिमुकली क्रियापदे छळतात. कारण त्यांच्यामागे ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ यांपैकी एखादे अव्यय येऊन बसले की मूळ क्रियापदाच्या अर्थाशी वरकरणी काहीही नाते न सांगणारा एक निराळाच अर्थ उभा राहतो. सॅम्युएल जॉन्सनने १७५५ साली आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत परकीयांच्या या संकटाची दखल घेऊन अशा जोड्या आपण कसोशीने टिपल्याचे सांगितले आहे. या शब्दयुतीस ‘फ्रेझल व्हर्ब’ हे नाव मात्र पुष्कळ उशिरा मिळाले. ऑक्सफर्ड कोशाचे संपादक हेन्री ब्रॅडली यांनी ते सुचविले आणि लोगन पिअरसॉल स्मिथ यांच्या १९२५ सालच्या ग्रंथातून ते प्रचारात आले.

अशाच एका जोडीवरून, ‘पुट ऑफ’ या दोन शब्दांवरून, पूर्णेच्या दोन वयोवृद्ध स्नेह्यांमध्ये झालेला वाद येथे मांडावयाचा आहे. पूर्णा हे जंक्शनचे गाव. मनमाडहून परभणी-नांदेडमार्गे सिकंदराबादकडे जाणारा निजामाच्या रेल्वेचा जुना मार्ग आणि १९१२ साली हिंगोलीकडे काढलेला फाटा येथे एकत्र येतात. १९४८ पर्यंत येथील कचेरीची भाषा उर्दू, रेल्वेच्या कामकाजाची इंग्रजी आणि घरादारांतली मराठवाड्याची मराठी. त्यामुळे एकाच गोष्टीला तीन दिशांनी आलेले तीन शब्द असणे हे येथील माणसास नवलाचे वाटत नाही. वाद घालणाऱ्यांपैकी एक गृहस्थ संस्कृत आणि इंग्रजी हे दोन्ही विषय शिकवून निवृत्त झालेले, दुसरे रेल्वेत गार्ड म्हणून हयात घालविलेले. गार्डसाहेबांच्या नातीच्या वहीत चार इंग्रजी वाक्ये होती, चारही वाक्यांत ‘पुट ऑफ’ होते, आणि त्या जागी एकच समानार्थी शब्द घालावयाचा होता. मुलीने चारही ठिकाणी ‘पोस्टपोन’ लिहिले होते.

गुरुजी : पहिल्या वाक्यात सभा पुढे ढकलली आहे, तेथे तिचा शब्द शोभतो. दुसऱ्यात बिनतिकीट उतारूस गाडीतून उतरविले आहे. तिसऱ्यात सावकारास गोड वचने देऊन दारातून परत लाविले आहे. चौथ्यात कुबट वासाने एका माणसाची अन्नावरची वासना उडाली आहे. उतारूस, सावकारास आणि वासनेस ‘पोस्टपोन’ कसे करावे? माझे म्हणणे असे की, अशा प्रत्येक जोडीचे जितके अर्थ तितके प्रतिशब्द एका तक्त्यात मांडावे आणि मुलांकडून ते मुखोद्गत करून घ्यावे. संस्कृतातील धातुरूपे आम्ही अशीच आत्मसात केली आणि ती जन्मभर पुरली.

गार्डसाहेब : गुरुजी, क्षमा करा, पण ही चूक तक्त्याअभावी झालेली नाही, ती तक्त्यामुळेच झाली आहे. ‘पुट ऑफ म्हणजे पोस्टपोन’ असे समीकरण कोणीतरी तिला आधीच पाठ करून दिलेले आहे. वाक्यात उतारू आहे की सभा आहे हे पाहण्याची गरजच तिला वाटली नाही, कारण उत्तर तिच्यापाशी तयार होते. एकाऐवजी चार उत्तरे तयार करून दिलीत तर ती चारांतून एक अंदाजाने उचलील. वास्तविक दुसऱ्या वाक्यातला प्रकार तिच्या घरातला आहे. बिनतिकीट माणसाला गाडीतून उतरविणे म्हणजे काय, कोणाला कोठे उतरविता येते आणि कोठे येत नाही, हे तिने माझ्या तोंडून लहानपणापासून ऐकले आहे. १९८९ च्या रेल्वे अधिनियमाचे १३९ वे कलम असे आहे की, सोबत पुरुष नसलेल्या स्त्रीस किंवा बालकास उतरवायचे झाल्यास ते तिचा प्रवास जेथून सुरू झाला त्या स्थानकावर, जंक्शनवर, अखेरच्या स्थानकावर किंवा जिल्ह्याच्या ठिकाणीच उतरवावे, आणि तेही दिवसाउजेडी. म्हणजे परभणीस उतरविता येईल, कारण ते जिल्ह्याचे ठाणे. पूर्णेस उतरविता येईल, कारण हे जंक्शन. पण मधल्या मिरखेलला एकट्या बाईला उतरविण्याचा अधिकार कोणालाही नाही. हे सर्व ठाऊक असलेल्या मुलीने उतारूपुढे ‘पोस्टपोन’ लिहावे, याचा अर्थ ती वाक्याचे चित्र डोळ्यांपुढे आणीतच नाही.

गुरुजी : चित्र आणावे हे मला मान्य आहे, पण चार चित्रे चार दिशांना गेली तर विद्यार्थ्याच्या हाती सूत्र कोणते राहील? आमच्याकडे एका ‘हृ’ धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार आणि परिहार असे परस्परांशी सुतराम संबंध न दिसणारे शब्द होतात, आणि उपसर्ग धात्वर्थास बलपूर्वक अन्यत्र नेतो असे वैयाकरण सांगतात. परंतु ‘वि’, ‘प्र’, ‘सम्’ यांचा स्वभाव ज्याला समजला तो नवा शब्द समोर आला तरी गोंधळत नाही. तसाच ‘ऑफ’चा स्वभाव समजून घ्यावा. ‘ऑफ’ म्हणजे लगत असलेल्या वस्तूपासून विलग, दूर. सभा ठरल्या दिवसापासून दूर सारली. उतारू गाडीपासून दूर केला. सावकार दारापासून दूर केला. मन अन्नापासून दूर झाले. किनाऱ्यावरून नाव पाण्यात लोटतात तेव्हाही इंग्रज हेच क्रियापद वापरतो, आणि १६११ च्या इंग्रजी बायबलात मोशेला पायांतील वहाणा काढावयास सांगितले आहे तेथेही हेच आहे. काळ, स्थळ, व्यक्ती आणि मन या चारही क्षेत्रांत क्रिया एकच, दूर सारण्याची.

गुरुजींचे हे विवेचन मला फार मोलाचे वाटते. इंग्रजी अव्ययांचा अर्थ केवळ लहरी आहे, त्यास कोणतीही संगती नाही, अशी समजूत शाळांतून इतकी पक्की झाली आहे की, ‘दूर’ या एका कल्पनेतून सहा अर्थ कसे उमलतात हे एकदा उलगडून दाखविले तर विद्यार्थ्याचे अर्धे भय नाहीसे होईल. जुन्या इंग्रजीतही अशी अव्यये पुष्कळदा क्रियापदाच्या आधी, त्यास जोडून, आपल्या उपसर्गांप्रमाणेच येत असत. कालांतराने ती मागे गेली आणि सुटी झाली. आपल्याकडे पाणिनीने लौकिक भाषेत उपसर्गाचे स्थान धातूच्या आधी निश्चित केले, पण वेदात तो धातूच्या नंतरही येतो आणि मध्ये इतर शब्द घेऊनही येतो, असे त्यानेच नोंदवून ठेवले आहे. तेव्हा क्रियापद एकीकडे आणि त्याचा अर्थ फिरविणारा शब्द दुसरीकडे, ही रचना आपल्या परंपरेस अपरिचित नाही. परंतु गार्डसाहेबांचा आक्षेप याच्याही पुढचा होता.

गार्डसाहेब : ‘दूर’ हे सूत्र वाक्य वाचताना उपयोगी पडेल, पण वाक्य लिहिताना आणि बोलताना काय? मराठीत विचार करणाऱ्या पोरीच्या मनात ‘दूर सारणे’ कधीच येत नाही. तिच्या मनात सभा ‘पुढे ढकलली’ येते, उतारू ‘खाली उतरवला’ येतो, सावकाराला ‘वाटेला लावले’ येते आणि जेवणावरून ‘मन उडाले’ येते. ही चार घरे तिची राहती घरे आहेत, तिला तिथून निघू द्या. शिवाय आपण ज्याला प्रतिशब्द म्हणता त्यांचे आपल्याच भाषेत काय होते ते पाहा. सभा ‘तहकूब’ होते, खटला ‘मुलतवी’ राहतो, आदेशाला ‘स्थगिती’ मिळते आणि लग्न ‘पुढे ढकलतात’. कोशात हे चारही एकाच ओळीत बसतील. पण मुलीचे लग्न तहकूब झाले असे सोयऱ्याला कळवून पाहा बरे!

गुरुजी : तो भेद शास्त्रानेही सांगता येतो. जमलेली सभा थांबली तर ती तहकूब. जमण्यापूर्वीच जिची तारीख बदलली ती मुलतवी. इंग्रजीतही जमलेली सभा ‘अॅडजर्न’ होते, न जमलेली ‘पोस्टपोन’ होते. विधिमंडळात कामकाज तहकूब होते, पण त्यासाठी आणलेला प्रस्ताव ‘स्थगन प्रस्ताव’ असतो. तेथे फारसी वळणाचा शब्द क्रियेस आणि संस्कृत शब्द प्रस्तावास लागला आहे. न्यायालयाच्या स्थगितीत पुढील तारखेचे अभिवचन नसते, केवळ थांबविणे असते. हे भेद विद्यार्थ्यास शिकविले पाहिजेत, आणि ते तक्त्यातच शिकविता येतात.

गार्डसाहेब : आणि ‘तारीख पडली’ हे कोणत्या रकान्यात मांडाल? जमिनीच्या दाव्यासाठी परभणीच्या कोर्टात गेलेला माणूस संध्याकाळच्या गाडीने परत येतो आणि फलाटावरच सांगतो, ‘तारीख पडली’. तहकूब नाही, मुलतवी नाही. त्या दोन शब्दांत वकिलाचे न येणे आहे, साक्षीदाराचा बुडालेला रोज आहे आणि पुन्हा काढावे लागणारे तिकीट आहे. कोणी पुढे ढकलले हे मात्र त्यात नाही. ते जणू आभाळातून पडले.

येथे वाद त्याच्या खऱ्या गाभ्यापाशी आला, असे मला वाटले. मराठी क्रियापदांचे एक वैशिष्ट्य असे की, ‘टाकणे’ आणि ‘पडणे’ या जोडीतून ती कर्त्याची जबाबदारी उघड करतात किंवा झाकतात. काम ‘लांबणीवर टाकले’ म्हटले की टाकणारा कोणीतरी आहे. ‘लांबणीवर पडले’ म्हटले की तो दिसेनासा होतो. ‘रखडले’ म्हटले की त्यात काम स्वतःच पाय ओढीत चालले आहे. ‘चालढकल’ आणि ‘टाळाटाळ’ यांत कर्त्यावर स्पष्ट ठपका आहे. ‘दिरंगाई’ हा फारसी वाटेने आलेला शब्द तोच ठपका दप्तरी मर्यादेत ठेवून देतो. ‘भिजत घोंगडे’ म्हटले की निर्णय होतही नाही आणि मोडतही नाही. आणि ‘बासनात गुंडाळले’ म्हटले की कागद पुन्हा बाहेर निघण्याची आशा बहुधा संपलीच, म्हणजे तेथे ‘पुट ऑफ’चे क्षेत्र संपून दुसऱ्या क्रियापदाचे सुरू होते. इंग्रजीत कर्मणी प्रयोग करून ‘वॉज पुट ऑफ’ एवढे म्हटले की हे सारे भेद एका छपराखाली झाकले जातात आणि वाचकाने ते संदर्भावरून शोधावयाचे असतात. भाषांतर करणाऱ्या मराठी मुलास हा शोध घ्यावाच लागतो, कारण त्याची भाषा त्याला विचारते, कोणी टाकले की आपोआप पडले? या प्रश्नामुळे त्याचे काम कठीण होते हे खरे. पण या प्रश्नामुळेच त्याचे इंग्रजी वाचन सावध आणि सूक्ष्म होऊ शकते.

गार्डसाहेब : आपल्याच लाइनचे पाहा. पूर्णा ते अकोला ही मीटरगेज होती, तिचे रुंदीकरण २००८ साली झाले. अकोल्याच्या पुढे खंडव्याकडचे काम मात्र मागे राहिले, कारण जुना रूळ मेळघाटच्या व्याघ्रप्रकल्पातून जात होता आणि तो तसाच रुंद करावा की जंगल वगळून वळवून न्यावा यावर वर्षानुवर्षे वाद चालला. आता हे काम ‘पुढे ढकलले’, ‘लांबणीवर पडले’, की ‘रखडले’? जंगल राखू पाहणारा एक क्रियापद वापरील, गाडीची वाट पाहणारा दुसरे, आणि कचेरीतला लेखनिक तिसरे. नातीला इंग्रजी वाक्य करावयाचे असेल तर आधी तिने ठरवावे की आपण यांपैकी कोणाच्या बाजूने बोलत आहोत.

गुरुजी : हा मुद्दा मी नाकारीत नाही. पण तुम्ही परिणामाचा विचार करा. मुलीला उद्या रजेचा अर्ज लिहावयाचा आहे, मुलाखत पुढे नेण्याची विनंती करावयाची आहे. तेथे ‘पुट ऑफ’ हे घरगुती पडेल आणि ‘पोस्टपोन’ भारदस्त ठरेल. ‘पोस्ट’ म्हणजे नंतर, ‘पोनेरे’ म्हणजे ठेवणे. लॅटिनातही ठेवण्याचीच क्रिया आहे, पण तिच्या अंगावर दरबारी पोशाख आहे. ‘डिफर’मध्ये वाहून नेण्याचा धातू आहे, आणि ‘प्रोक्रास्टिनेट’च्या पोटात तर ‘उद्या’ याच अर्थाचा लॅटिन शब्द आहे. त्यात दोष देण्याचा भाव आहे, जसा तुमच्या ‘चालढकली’त आहे. कोणता पोशाख कोठे चढवावा हे पाठांतराशिवाय कसे येईल? १८४७ साली मोल्सवर्थ आणि कँडी यांचा इंग्रजी-मराठी कोश निघाला तेव्हापासून आपण एका इंग्रजी शब्दापुढे अनेक मराठी शब्द मांडीत आलो आहोत. त्या मांडणीस कमी लेखू नका. तिच्यामुळेच मराठी गद्य इंग्रजी गद्याच्या बरोबरीने उभे राहिले.

गार्डसाहेब : कमी लेखीत नाही. कोशात शब्दांची रांग लागते ती जाणत्या माणसासाठी; त्याला शब्द आठवत असतो, तो केवळ निवड करण्यास येतो. शिकाऊ माणसाला रांग दिली तर तो पहिला उभा असेल त्याला हाक मारतो. २००० सालापासून मराठी शाळांत पहिलीपासून इंग्रजी आले. तेव्हापासूनची पोरे शब्द पुष्कळ जाणतात, पण ते कोणाच्या संगतीने चालतात हे जाणत नाहीत. आणि ज्या ठिकाणी मराठी त्यांना हात देईल त्या ठिकाणीही आपण त्यांना मराठीकडे पाहू देत नाही. एक सांगा, ‘पुट ऑफ’नंतर दुसरे क्रियापद आले तर ते कोणत्या रूपात येते?

गुरुजी : धातुसाधित नामाच्या रूपात. ‘पुट ऑफ गोइंग’. ‘टु गो’ तेथे चालत नाही. मुले येथे हमखास चुकतात.

गार्डसाहेब : आणि मराठीत? ‘त्याने नांदेडला जाणे लांबणीवर टाकले.’ ‘जाणे’ हे नामच झाले. ‘जायला लांबणीवर टाकले’ असे पूर्णेतले शेंबडे पोरही म्हणणार नाही. जो नियम आपण वर्षभर घोकून घेता तो तिच्या जिभेवर आयता बसलेला आहे. आता ‘इट’ हे सर्वनाम कोठे घालावे?

गुरुजी : मध्येच. ‘पुट इट ऑफ’. नाम असेल तर ते मध्ये किंवा शेवटी, दोन्हीकडे चालते. सर्वनाम मात्र मध्येच. येथे तुमची मराठी उपयोगी पडणार नाही, कारण आपल्याकडे कर्म क्रियापदाच्या आधीच येते.

गार्डसाहेब : कर्म आधी येते, खरे; पण जोडी फोडण्याची सवय आपल्याला आहेच की. ‘करून टाक’ या जोडीत ‘करून एकदाचे टाक’, ‘करून तर टाक’ असे शब्द आपण मध्ये घालतोच. जोडी तुटली तरी अर्थ तुटत नाही, हे एवढे तिला तिच्या बोलण्यातून दाखविले तर ‘पुट’ आणि ‘ऑफ’ यांच्यामध्ये ‘इट’ बसलेले पाहून ती बिचकणार नाही.

संयुक्त क्रियापदाचा हा धागा गार्डसाहेबांनी सहज उचलला, पण माझ्या मते संपूर्ण प्रश्नाची किल्ली तोच आहे. ‘तो बसून बोलला’ यात बसणे आणि बोलणे या दोन क्रिया आहेत. ‘तो बोलून बसला’ म्हणताच बसण्याची क्रिया नाहीशी होते आणि बोलू नये ते बोलल्याचा पश्चात्ताप तेवढा उरतो. ‘वाचून टाकले’मध्ये उरकल्याची सुटका आहे, ‘वाचून काढले’मध्ये नेट आहे, ‘वाचून घेतले’मध्ये स्वतःचा लाभ आहे आणि ‘वाचून दाखविले’मध्ये समोर श्रोता आहे. टाकणे, काढणे, घेणे, देणे, बसणे, जाणे अशी इनमीन काही क्रियापदे आपले मूळचे अर्थ सोडून दुसऱ्या क्रियेस छटा देतात. इंग्रजीत तेच कार्य ‘ऑफ’, ‘अप’, ‘आउट’ ही अव्यये करतात. दोन्ही भाषांनी मूठभर साध्या शब्दांतून अगणित अर्थ निर्माण करण्याचा उद्योग केला आहे, फक्त साधने वेगळी निवडली आहेत. ज्या मुलास ‘बोलून बसणे’ म्हणजे काय हे कोणीही व्याख्या न सांगता कळते, त्याच्या ठायी या प्रकारची शब्दयुती आकळण्याची शक्ती जन्मजात सिद्ध आहे. आपले शिक्षण ती शक्ती जागी करण्याऐवजी तिच्याकडे पाठ फिरवून त्याला लॅटिन प्रतिशब्दांची यादी देते. येथे माझा कौल निःसंशय गार्डसाहेबांकडे आहे. मात्र गुरुजींचे ‘दूर’ हे सूत्र टाकून देणे हे तितकेच नुकसानीचे ठरेल, कारण अनुभवातून मिळालेल्या चार चित्रांना एका ओवणीत बांधणारे तेवढेच एक साधन आहे.

गुरुजी : तर मग वहीचे पान कसे आखावे? परीक्षेत एक शब्द विचारतात, त्यास उत्तर द्यावेच लागेल.

गार्डसाहेब : शेवटचा रकाना तुमच्या एका शब्दासाठी ठेवा, पण तो शेवटी भरावा. पहिल्यात कोणी, दुसऱ्यात कोणाला किंवा कशाला, तिसऱ्यात कोठून दूर. हे भरून झाल्यावर चौथ्यात तिच्या मनात जे मराठी येईल ते लिहावे. मग इंग्रजी शब्द.

गुरुजी : चौथ्या वाक्यात अडचण येईल. इंग्रजीत वास हा कर्ता आहे आणि माणूस हे कर्म आहे. मराठीत ‘वासाने माझे मन उडाले’ म्हणताच मन हाच कर्ता झाला आणि वास करण झाला. पहिल्या रकान्यात काय लिहावे?

गार्डसाहेब : इंग्रजी वाक्यातला कर्ता लिहावा, आणि बदल कोठे झाला ते समासात नोंदवावे. तेवढी नोंद करताना तिला जे कळेल ते दहा प्रतिशब्दांनी कळणार नाही.

गुरुजींनी याला हरकत घेतली नाही. त्यांनी स्वतःच पट्टीने रकाने आखले आणि मुलीने ती चार वाक्ये नव्याने सोडविली. तिसऱ्या वाक्यात सावकारापुढे तिने ‘बोळवण केली’ असे लिहिले. हा शब्द दोघांपैकी कोणीही तिला सुचविला नव्हता आणि तो ‘वाटेला लावले’पेक्षाही नेमका होता, कारण सावकार रिकाम्या हाती गेला असला तरी गोड शब्द घेऊन गेला होता. त्यानंतर पुढच्या पानावर ‘पुट अप विथ’ आले. गुरुजींनी चौथ्या रकान्यात ‘सहन करणे’ असे सांगताच गार्डसाहेबांनी विचारले की, आई लेकराचा हट्ट चालवून घेते, साहेब हाताखालच्याची कुचराई खपवून घेतो आणि शेतकरी सलग दोन वर्षांचा दुष्काळ सोसतो; यांतले ‘सहन करणे’ आपण कोणाच्या नावापुढे लिहिणार, गुरुजी?